दोन टोनआर्मचा टर्नटेबल बेस बनवताना या चुका टाळा

सांगली-मिरजेकडे जुन्या रेकॉर्ड जपणाऱ्या अनेकांच्या कपाटात दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी असतात: नाट्यसंगीताच्या, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या (म्हणजे ‘७८’च्या) लाखेच्या तबकड्या आणि नंतर आलेल्या एलपी. या दोन्हींना एक सुई चालत नाही. एलपीच्या सुईच्या टोकाची त्रिज्या साधारण १८ मायक्रॉन, ७८ला ६५ मायक्रॉनच्या आसपासची लागते. बारीक सुई ७८च्या खाचेत तळाला टेकते आणि गाण्यापेक्षा खरखरच जास्त ऐकू येते. दरवेळी कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) बदलायचं, तर सुईचं वजन आणि मांडणी सगळं पहिल्यापासून लावावं लागतं. त्यापेक्षा एकाच बेसवर दोन टोनआर्म (सुई धरणारे दांडे) हा उपाय उत्तम.

पण असे बेस बिघडताना दिसतात, त्यामागे बहुतेक वेळा एकच कारण असतं. पहिल्या आर्मच्या मापाने बेस कापला जातो आणि दुसरा ‘मागाहून बसवू’ म्हणून सोडून दिला जातो. मागाहून जागा उरलेली नसते. सुताराकडे जाण्याआधी दोन्ही आर्म, निदान त्यांची मापं तरी, हातात हवीत.

डावीकडे उलटा आर्म

ही चूक सगळ्यात महाग पडते. उजवीकडचा आर्म मागच्या कोपऱ्यात असतो आणि सुई पुढे येते, म्हणून डावीकडेही तसंच आरशात दिसल्यासारखं बसवायचं असं वाटतं. तसं कधीच करू नका. तबकडी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. उजव्या बाजूला खाच मागून पुढे येते, म्हणजे आर्मच्या बुडापासून (आर्म ज्या टेकूवर फिरतो तिथून) लांब जाते आणि सुई तिच्यामागे ओढली जाते. डाव्या बाजूला खाच पुढून मागे जाते. तिथे आर्मचं बूड मागे ठेवलंत, तर खाच सुईला उलटी ढकलते. सुई उडते, तबकडीचं नुकसान होतं ते वेगळंच.

बरोबर रीत अशी की पूर्ण आर्म स्पिंडलभोवती (तबकडीच्या मधल्या खुंटीभोवती) फिरवून पाहायचा. उजवीकडची मांडणी डाव्या अंगाला पाव फेरी फिरवली की दुसऱ्या आर्मचं बूड मागे डावीकडे येतं, विश्रांतीला आर्म मागच्या कडेला समांतर उजवीकडे तोंड करून पडतो आणि सुई तबकडीच्या मागच्या भागावर उतरते. अर्धी फेरी फिरवली, तर बूड पुढे डावीकडे येतं. मागच्या मांडणीत हात तबकडीवरून न्यावा लागतो, पुढच्या मांडणीत काउंटरवेट (आर्मच्या बुडामागचं तोलाचं वजन) समोर येतं. मला स्वतःला मागची बरी वाटते, कारण ७८ची बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपते, माणूस तसाही मशिनपाशी उभाच असतो.

मागच्या मांडणीत एक गोष्ट हटकून विसरली जाते. सुई तबकडीच्या मध्याकडे जाते तसं काउंटरवेट मागे, भिंतीकडे सरकतं. विश्रांतीच्या वेळी सगळं छान बसतं आणि वाजवताना काउंटरवेट झाकणाला धडकतं.

माप कुठून घ्यायचं

स्पिंडलच्या मध्यापासून आर्मच्या बुडाच्या मध्यापर्यंत. प्लॅटरच्या (तबकडीखालच्या फिरत्या थाळीच्या) कडेपासून नाही, बेसच्या कडेपासून तर नाहीच. रेगाच्या आर्मना हे अंतर २२२ मिलिमीटर लागतं. इतर कंपन्यांचं माप त्यांच्या कागदावर असतं. १२ इंची आर्मचं अंतर ३०० मिलिमीटरच्या जवळ जातं. त्यामुळे एक ९ इंची आणि एक १२ इंची आर्म धरला, तर बेसची रुंदी ५५ सेंटीमीटरच्या आसपास जाते. कपाटाचा कप्पा आधी मोजा.

एसएमईच्या सरकत्या पायाच्या आर्ममध्ये थोडी चूक झाकली जाते. रेगासारख्या एकाच गोल भोकातल्या आर्मला ती सवलत नाही. एखादा मिलिमीटर चुकला, तर हेडशेलमध्ये (आर्मच्या पुढच्या टोकात) कार्ट्रिज सरकवून, वळवून निभावतं. तीन-चार चुकले की हेडशेलची खाच संपते. लक्षण ओळखायला सोपं आहे: एलपीच्या बाजूचं पहिलं गाणं स्वच्छ आणि शेवटच्या गाण्यात ‘स’ फुटायला लागतो. मग प्रोट्रॅक्टर (कोन तपासायची पट्टी) ठेवून स्पिंडलपासून ६६ आणि १२१ मिलिमीटरच्या दोन्ही बिंदूंवर कार्ट्रिज सरळ दिसतं का ते पाहा. एकावर सरळ आणि दुसऱ्यावर तिरकं दिसलं, तर ओव्हरहँग (सुई स्पिंडलच्या पुढे जाते ते अंतर) चुकलेला आहे.

बेसमध्ये थेट भोक पाडूच नका. आर्मसाठी वेगळी पाटी ठेवा, ती एका बोल्टवर फिरून घट्ट करता येईल अशी. पाटी चुकली तर पाटी बदलते, बेस वाचतो. भोक हातातल्या ड्रिलने नको, उभ्या ड्रिल मशिनवर पाडून घ्या. कुपवाड एमआयडीसीत असं छोटं काम करून देणारे वर्कशॉप मिळतात. नेताना पुठ्ठ्याचा साचा बरोबर न्या, तोंडी माप सांगू नका.

पुठ्ठ्याचा उपयोग आणखी एक. दोन्ही आर्मच्या लांबीच्या पट्ट्या कापून, टाचणीवर फिरवून, कडेपासून मध्यापर्यंत पूर्ण फेरी मारून बघा. एक आर्म वाजत असताना दुसऱ्याचं हेडशेल आडवं येत असेल, तर ते इथेच कळतं.

उंची

दोन आर्मची उंचीची गरज सारखी नसते. रेगाच्या आर्मला उंची कमी-जास्त करायची सोय नाही, खाली चकत्या घालाव्या लागतात. वेगळी पाटी इथेही कामाला येते, दोन्हींची जाडी वेगळी ठेवा. ७८ची तबकडी एलपीपेक्षा जाड असते हेही धरा.

पोकळ पेटी

मिरजेचा तंबोरा घुमतो तो भोपळ्याच्या पोकळीमुळे. बेस पोकळ पेटीसारखा केला की तोही तसाच घुमतो, फक्त इथे ते घुमणं नको असतं. गॅरार्ड ३०१, ४०१ किंवा लेंको एल७५ या टर्नटेबलांत मोटर रबरी चाकाने प्लॅटर फिरवते, मोटरची थरथर बेसमध्ये उतरते. हलक्या पेटीत ती रंबल (खोल घरघर) होऊन स्पीकरमधून येते. १९ मिलिमीटरच्या प्लायचे तीन-चार थर एकमेकांवर चिकटवून भरीव बेस करा आणि मोटरपुरतीच जागा आतून कापा. प्लाय घेताना आयएस ७१० शिक्का असलेला मरीनच घ्या. एमडीएफ नको. २०१९च्या पुरानंतर एमडीएफच्या फर्निचरचं काय होतं हे सांगलीकरांना वेगळं सांगायला नको, आणि पूर नसला तरी पावसाळी हवेत त्याच्या कापलेल्या कडा फुगतात. कापलेल्या सगळ्या कडा, मोटरच्या खाचेच्या आतल्यासुद्धा, पॉलिशने बंद करा.

दुसरा आर्म वेगळ्या जड खांबावर उभा करण्याचा मोह होतो. दिसायला देखणं असतं, पण खाचेतली नक्षी मायक्रॉनमध्ये मोजायची. प्लॅटर आणि आर्म एकमेकांच्या तुलनेत तेवढे जरी हलले, तरी सुई ते गाण्यात मिसळते. दोन्ही एकाच घट्ट तुकड्यावर हवेत. स्प्रिंगवर तरंगणाऱ्या जातीचं टर्नटेबल असेल, थोरेन्स टीडी १६० सारखं, तर त्यावर दुसरा आर्म लादूच नका, स्प्रिंगांचा तोल जातो.

भरीव बेस झाल्यावर तपासणी अशी करा. मोटर बंद, सुई थांबलेल्या तबकडीवर, आवाज अगदी बेताचा. बोटाने बेसवर टिचकी मारा. ‘टक’ होऊन थांबलं तर ठीक, ‘टुंऽऽ’ करत राहिलं तर कुठेतरी पोकळी आहे किंवा थर नीट चिकटलेले नाहीत. लेव्हल बाटली बेसवर नाही, प्लॅटरवर ठेवा, आणि तीही दोन्ही आर्म बसवून झाल्यावर. १२ इंची आर्म आणि त्याची पाटी एका कोपऱ्यात वजन टाकते.

हम

सगळं जमलं आणि स्पीकर ‘हूंऽऽ’ करतोय, ही तक्रार दोन आर्मच्या बेसवर नेहमीची. आधी शोधा, मग तारा हलवा. मोटर चालू ठेवून, सुई न टेकवता, आर्म हाताने प्लॅटरवर कडेपासून मध्याकडे न्या. हम वाढत गेला, तर कार्ट्रिज मोटरचं चुंबकीय क्षेत्र पकडतंय. ग्राडोची कार्ट्रिज याबाबत नाजूक, ती मोटरपासून लांबच्या आर्मवर टाका. हम सगळीकडे सारखाच असेल, तर दोष अर्थिंगचा. दोन्ही आर्मच्या अर्थच्या तारा एकाच बिंदूवर आणा आणि तिथून एकच तार फोनो प्रीअँपला (कार्ट्रिजचा बारीक सिग्नल वाढवणाऱ्या यंत्राला) जाऊ द्या. दोन वेगळ्या वाटांनी दोन तारा गेल्या की लूप तयार होतो. मोटरच्या लोखंडी चासीची भिंतीतल्या सॉकेटकडे जाणारी अर्थ मात्र हम घालवायला म्हणून कधीच काढू नका, ती जिवासाठी असते.