पीएस मागण्याआधी टॉर्कची रेघ वाचा

गंजलेला व्हील नट सोडवताना मी पान्याला मीटरभर लांब पाइप लावतो. टोकावर 20 किलोचा जोर दिला की नटावर साधारण 196 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, येतो. नट जागचा हलला नाही तरी टॉर्क असतोच, पॉवर मात्र शून्य. नट फिरायला लागला की पॉवर सुरू, आणि जितका भरभर फिरेल तितकी ती जास्त. गाडी ट्यून करून घ्यायला येणाऱ्याला मी आधी हे समजावतो, मग लॅपटॉप उघडतो.

हिशोब एका ओळीचा आहे: न्यूटन-मीटर गुणिले आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे), भागिले 7024, की आले पीएस, म्हणजे पॉवरचं माप. स्विफ्टचं जुनं 1.3 डिझेल घ्या. कंपनीचे आकडे 2000 आरपीएमला 190 न्यूटन-मीटर आणि 4000 ला 75 पीएस. म्हणजे 2000 ला पॉवर भरते 54 पीएस. आता उलटा हिशोब करा: 4000 ला टॉर्क उरतो जेमतेम 132. टॉर्क उतरला, पण आरपीएम दुप्पट झाले म्हणून पॉवर चढली.

आता स्वतःला विचारा, तुमचा पाय कुठल्या आरपीएमला असतो? घरची चार माणसं, डिकीत सामान आणि समोर खंबाटकीचा चढ असेल तर गाडी 2000 ते 2800 मध्येच फिरते. तिथे 190 चे 220 केले तर 2000 लाच 63 पीएस मिळतात, आणि गिअर न पाडता ट्रक मागे टाकता येतो. याउलट ‘90 पीएस हवेत’ असा हट्ट धरला तर 4000 ला 158 न्यूटन-मीटर लागतील. रोजच्या गाडीत तिथवर कितीदा जाता?

पण खालचा टॉर्कही हात राखून वाढवा. सुरुवातीच्या काळात मी एका गाडीला 1700 लाच भरपूर टॉर्क दिला. महिन्याभरात घाटात तिचा क्लच जळाल्याचा वास यायला लागला. इतक्या कमी आरपीएमला टर्बोचा (इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्याचा) दाब वाढवला की कनेक्टिंग रॉडवर, म्हणजे पिस्टनला जोडलेल्या दांड्यावरही फार ताण येतो. तेव्हापासून मी टॉर्क हळूहळू चढवतो, एकदम उसळी येऊ देत नाही.

रीमॅपच्या (लॅपटॉपवरून इंजिनची सेटिंग बदलण्याच्या) आधी आणि नंतर, दोन्ही वेळा त्याच डायनोवर, म्हणजे टॉर्क-पॉवर मोजणाऱ्या यंत्रावर, त्याच गिअरमध्ये रन घ्या. डायनोच्या शीटवर टॉर्क फूट-पाउंडमध्ये आणि पॉवर हॉर्सपॉवरमध्ये, एकाच मापावर असतील तर दोन्ही रेघा 5252 आरपीएमला छेदायलाच हव्यात. डिझेल बहुतेक तिथवर जात नाही, म्हणून त्यात टॉर्कची रेघ शेवटपर्यंत पॉवरच्या रेघेच्या वरच दिसायला हवी. तसं नसेल तर शीट परत करा.

क्लचची परीक्षा मात्र रीमॅपच्या आधीच करा. मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये 2000 ला पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबा. आरपीएमचा काटा पळाला आणि वेगाचा तिथेच राहिला, तर आधी नवीन क्लच टाका.