गंधकाचं काँक्रीट ओतताय? सिमेंटची सवय सोडा, या चुका टाळा

सांगली-मिरजेकडं ॲसिडनं फरशी खाल्ली की बरेच जण गंधकाच्या काँक्रीटचं विचारतात, आणि विचारलंच पाहिजे, मटेरियल खरंच भारी आहे, सिमेंट नाही, पाणी नाही, गंधक वितळवायचं, गरम खडी-वाळूत कालवायचं, ओतायचं, गार झालं की एका दिवसात बहुतेक ताकद आलेली असते.

सगळ्यात जास्त माल फसतो तो ओल्या खडीमुळं. सिमेंटला खडी भिजवायची सवय असते, इथं उलटं आहे, ओल राहिली की वाफ होऊन आत पोकळ्या पडतात. खडी-वाळू पार भाजून घ्या आणि गरम असतानाच वापरा, गार खडीवर गंधक लगेच थिजतं, धरत नाही. साचासुद्धा गरम पाहिजे. आणि वाळूत काळी माती अजिबात नको, ती पुढं पाणी पिऊन फुगते आणि ब्लॉक आतून फुटतो.

फवारणीचं गंधक वापरू नका हो! द्राक्षाच्या भुरीवर मारतो ते ८० टक्केवालं पाण्यात विरघळल्यासारखं पसरावं म्हणून बनवलेलं असतं, उरलेल्या २० टक्क्यांत पाण्यात पसरवणारी द्रव्यंच असतात.

तापमान डोळ्यानं कळत नाही, थर्मामीटर घ्या. गंधक ११९ अंशाच्या आसपास वितळतं, काम १३० ते १४० मध्ये उरकायचं. १५९ च्या पुढं गेलं की पातळ व्हायचं सोडून काकवीसारखं दाट होतं, ओतताच येत नाही, शिवाय विषारी वायू सुटतो. खाली उघडा जाळ तर नकोच, गंधक पेटतं आणि त्याचा धूर छाती धरतो, काम मोकळ्या हवेतच करा.

ब्लॉक चांगला निघाला आणि नंतर चिरा पडल्या? मग तुम्ही साधं गंधक वापरलंय. ९५ अंशाच्या खाली त्याचे स्फटिक बदलतात, आकसतात, आतून ताण येतो. त्यासाठी डायसायक्लोपेंटाडाईन नावाचं रसायन घालून सुधारलेलं गंधक मिळतं, तेच घ्या. फुटलेला माल टाकू नका, फोडून परत वितळतो, पण साधंच गंधक परत ओतलं तर चिरा परत येणारच.

घराच्या स्लॅबला मात्र हे कधीच नको, आगीत आधी मऊ पडतं आणि मग जळतं. डेअरीत रोज कॉस्टिक सोड्यानं, म्हणजे कडक अल्कलीनं, धुतात तिथंही नको, ॲसिड सोसतं पण कडक अल्कली सोसत नाही. ॲसिडच्या टाकीखालची फरशी, खताच्या गोदामाची जमीन, सांडपाण्याची गटर, तिथं बिनधास्त घाला.