पक्षपाताची शंका असेल तर खटला दुसऱ्या कोर्टात वर्ग करण्याचा अर्ज कसा करावा

तारखेहून परतताना "साहेब समोरच्याला सामील आहेत" हे वाक्य कोर्टाच्या पायऱ्यांवर हमखास कानावर पडते. बहुतेक वेळा त्यामागे विरुद्ध गेलेल्या आदेशाचा राग असतो. पण काही वेळा शंकेला खरा आधार असतो. तेव्हा पक्षकार एकतर गप्प बसतो, नाहीतर मुख्यमंत्री, पालकमंत्री, जिल्हाधिकारी अशा सगळ्यांना निनावी पत्रे पाठवतो. दोन्हींतून काही निघत नाही. निःपक्ष न्यायाधीशासमोर खटला चालणे हा तुमचा हक्क आहे आणि कोणाच्या दबावाखाली न येता आदेश देणे हा न्यायाधीशाचा. वर्ग करण्याचा अर्ज हा या दोन्ही हक्कांना जपणारा रस्ता आहे, म्हणून तो नीट करायला हवा.

आधी तक्रार कशाची आहे ते ठरवा. आदेश चुकीचा असेल तर त्याला वरच्या कोर्टात दाद मागण्याचे मार्ग म्हणजे अपील, पुनरीक्षण किंवा रिट आहे. गैरवर्तन किंवा पैशाची मागणी असेल तर उच्च न्यायालयाकडे तक्रार आहे. या न्यायाधीशांसमोर निःपक्ष सुनावणी होणार नाही अशी सकारण भीती असेल, तरच वर्ग करण्याचा अर्ज. हे तिन्ही एकाच कागदात कालवले की तिन्ही फसतात, आणि बरेच अर्ज याच चुकीने फेटाळले जातात.

भीती सकारण कधी ठरते

रणजित ठाकूर प्रकरणात (१९८७) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेली कसोटी मोलाची आहे: न्यायाधीशाने "माझ्या मनात पक्षपात आहे का" असे स्वतःला विचारायचे नसते, समोर उभ्या असलेल्या पक्षकाराच्या मनात काय येईल ते पाहायचे असते. म्हणजे प्रत्यक्ष पक्षपात सिद्ध करायची गरज नाही. मात्र भीती समंजस माणसाला पटेल अशी हवी. मनेका गांधी विरुद्ध राणी जेठमलानी (१९७९) या खटल्यात मुंबईतला खटला दिल्लीला नेण्याची मागणी होती. किरकोळ गैरसोय आणि अतिसंवेदनशीलता हे कारण होत नाही, असे म्हणून ती नाकारली गेली.

चालतील अशी कारणे: न्यायाधीशांचा दाव्यातील मालमत्तेत किंवा कंपनीत आर्थिक हितसंबंध, पक्षकाराशी जवळचे नाते, वकिली करत असताना याच वादात एका बाजूचे वकीलपत्र, एका पक्षाशी दालनात एकट्याने चर्चा, पुरावा सुरू होण्याआधीच निकालाबद्दल ठाम मत व्यक्त करणे. फौजदारी खटल्यात तर न्यायाधीश स्वतः पक्षकार असेल किंवा त्याचा वैयक्तिक हितसंबंध असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ५२५ (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४७९) त्याला खटला चालवायलाच मनाई करते. अपवाद फक्त वरच्या कोर्टाच्या परवानगीचा. समोरचा वकील न्यायाधीशांचा जवळचा नातेवाईक असेल, तर बार कौन्सिलच्या नियमांनुसार त्या वकिलानेच तिथे उभे राहायचे नसते. तेव्हा पहिली हरकत वकिलावर घ्या, न्यायाधीशांवर नको.

न चालणारी कारणे: मुदतीचा अर्ज नामंजूर झाला, तारखा जवळजवळच्या पडतात, तुरतातुरत मनाई (समोरच्याचे म्हणणे ऐकण्याआधीचा तात्पुरता मनाई हुकूम) मिळाली नाही, उलटतपासात प्रश्न अडवला, आवाज चढवला. न्यायाधीशांची जात, धर्म, लिंग किंवा गाव तर अर्जात चुकूनही आणू नका. हल्ली तालुका कोर्टातही स्त्रिया आणि सर्व समाजांतली माणसे न्यायासनावर दिसतात, ही मोठी कमाई आहे. ओळख हीच शंका मानली तर बाईसमोर पुरुषाचा आणि दलितासमोर सवर्णाचा खटला चालणारच नाही. शंका वर्तनावर घ्यायची, जन्मावर नाही.

पुरावा जमवताना

तुमचा मुख्य साक्षीदार म्हणजे रोजनामा. त्या दिवशी कोण हजर होते, कोणता अर्ज आला, काय आदेश झाला हे त्यात असते. नक्कल विभागात अर्ज देऊन रोजनाम्याच्या आणि संबंधित आदेशांच्या प्रमाणित नकला घ्या. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर १६ अंकाक्षरांचा सीएनआर क्रमांक (प्रत्येक खटल्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) टाकला की तारखांचा क्रम दिसतो. तो छापून ठेवा, पण प्रमाणित नकलेऐवजी तो जोडू नका.

अडचण अशी की आक्षेपार्ह बोलणे रोजनाम्यात सहसा येत नाही. म्हणून ते घडल्याच्या त्याच दिवशी, फार तर पुढच्या तारखेला, त्याच कोर्टात छोटा अर्ज द्या: "आज दुपारी सुनावणीदरम्यान न्यायालयाने अमुक उद्गार काढले, त्याची नोंद व्हावी." अर्जाला निशाणी क्रमांक (खटल्याच्या कागदांतला त्याचा अनुक्रमांक) पडला की तो कायमचा अभिलेखात राहतो. शिवाय हरकत वेळीच घेतल्याचेही दिसते. मानकलाल प्रकरणात (१९५७) सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटले: माहिती असूनही गप्प बसलात आणि वारे फिरल्यावर हरकत काढलीत, तर ती सोडून दिली असे धरले जाते. परवानगीशिवाय मोबाइलवर कामकाज मुद्रित करू नका. त्यातून पुरावा मिळण्याऐवजी तुमच्यावरच अवमानाची कारवाई ओढवेल.

अर्ज कुठे

दिवाणी दाव्यासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम २४. त्याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या कोर्टात जायचे असेल तर प्रमुख जिल्हा न्यायाधीशांकडे. दुसऱ्या जिल्ह्यात जायचे असेल तर उच्च न्यायालयात. दुसऱ्या राज्यात जायचे असेल तर कलम २५ खाली सर्वोच्च न्यायालयात.

फौजदारी खटल्यात जुनी कलमे ४०६, ४०७, ४०८ आता अनुक्रमे ४४६, ४४७, ४४८ झाली आहेत. १ जुलै २०२४ पूर्वीच सुरू असलेल्या खटल्याला जुनी संहिता लागू राहते, हे वकिलाकडून तपासून घ्या. इथे एक पायरी लोक विसरतात: एकाच सत्र विभागात (सहसा एका जिल्ह्यात) खटला हलवायचा असेल तर आधी सत्र न्यायाधीशांकडेच अर्ज करावा लागतो, तो फेटाळला गेल्याशिवाय उच्च न्यायालय तुमचा अर्ज घेत नाही. आरोपीने अर्ज केला तर सरकारी वकिलाला कारणांच्या प्रतीसह लेखी नोटीस द्यायची, आणि नोटीस व सुनावणी यांत किमान २४ तास हवेत.

कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग इथल्या पक्षकारांसाठी १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच आहे. उच्च न्यायालयाच्या कामासाठी मुंबईची फेरी वाचते.

राज्याबाहेर खटला नेणे दुर्मिळ आहे. २००२ च्या गुजरात दंगलीतल्या बेस्ट बेकरी हत्याकांड प्रकरणात २००४ मध्ये गुजरातमधला खटला महाराष्ट्रात फेरसुनावणीसाठी आला, पण तिथे साक्षीदारांवरचा दबाव आणि तपासातल्या त्रुटी इतक्या ठळक होत्या की एका न्यायाधीशाच्या वर्तनाचा प्रश्नच उरला नव्हता.

अर्जातली भाषा

"न्यायाधीश भ्रष्ट असून प्रतिवादीला सामील आहेत" असे लिहाल तर फसाल. असे लिहा: "दि. अमुक रोजी निशाणी अमुकवरील सुनावणीत, अर्जदाराचा पुरावा सुरू होण्यापूर्वी, न्यायालयाने 'तुमचा दावा टिकणार नाही' असे म्हटले. त्याच दिवशी अर्जदाराने नोंदीचा अर्ज दिला, नक्कल सोबत." तारीख, निशाणी, शब्द, कागद. विशेषणे गाळा, निष्कर्ष वरच्या कोर्टाला काढू द्या.

मजकूर दोन-तीन पानांचा पुरे. सोबत शपथपत्र जोडा. ऐकीव गोष्ट स्वतःच्या माहितीची म्हणून शपथेवर लिहू नका. न्यायालय अवमान अधिनियम, १९७१ चे कलम ६ तुम्हाला संरक्षण देते: दुय्यम न्यायालयाच्या न्यायाधीशाबद्दल दुसऱ्या दुय्यम न्यायालयाकडे किंवा उच्च न्यायालयाकडे सद्भावनेने केलेले विधान अवमान ठरत नाही. पण हेच विधान व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकले तर हे संरक्षण नाही. वकिलांसाठीही इशारा आहे. तेव्हाच्या नागपूर उच्च न्यायालयातून गेलेल्या एम. वाय. शरीफ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की आधार न तपासता बदनामीकारक अर्जावर सही करणारा वकीलही जबाबदार असतो. म्हणून तुमचा वकील सही करायला कचरला तर त्याच्यावर रागावू नका, त्याला कागद दाखवा.

अर्ज दिल्यानंतर

अर्ज दाखल झाला म्हणून खालचा खटला थांबत नाही. स्थगितीची मागणी वेगळी करा आणि आदेश हातात पडेपर्यंत प्रत्येक तारखेला हजर राहा. "वर्ग करण्याचा अर्ज केला आहे" म्हणून घरी बसलेल्यांचे दावे गैरहजेरीत निकाली निघतात, फौजदारीत वॉरंट निघते.

जिल्हा न्यायाधीश सहसा संबंधित न्यायाधीशांचा अभिप्राय आणि समोरच्या पक्षाचा 'से' (लेखी म्हणणे) मागवतात. अर्ज मंजूर झाला तरी न्यायाधीशांवर ठपका बसतो असे नाही. कित्येकदा फक्त "न्याय होताना दिसावा" एवढ्यासाठी काम दुसरीकडे जाते. दिवाणीत नवे कोर्ट होते तिथून पुढे चालवू शकते किंवा पुन्हा सुरुवात करू शकते, त्यामुळे झालेला पुरावा कायम ठेवायचा आहे की नाही ते अर्जातच मागा. अंतिम युक्तिवाद होऊन काम निकालासाठी ठेवल्यावर केलेला अर्ज लांबणीचा डाव मानला जातो. त्रास देण्यासाठी केलेल्या अर्जावर नुकसानभरपाई लादता येते.

लाच किंवा गैरवर्तनाची तक्रार असेल तर ती उच्च न्यायालयाच्या महाप्रबंधकांकडे (रजिस्ट्रार जनरल) द्या, कारण घटनेच्या अनुच्छेद २३५ नुसार जिल्हा न्यायालयांवर नियंत्रण फक्त उच्च न्यायालयाचे आहे. सरन्यायाधीशांनी २०१४ मध्ये दिलेल्या सूचनेनुसार शपथपत्र आणि पडताळता येईल असे साहित्य नसलेल्या तक्रारीवर कारवाई होत नाही. आणि केवळ चुकीच्या आदेशासाठी न्यायाधीशावर शिस्तभंगाची कारवाई करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने कृष्णप्रसाद वर्मा प्रकरणात (२०१९) सांगितले आहे.

वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीत जा. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे सदस्य आणि कोठडीत असलेले यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि त्याच्याकडून वर्ग करण्याचा अर्जही करून घेता येतो.