‘पास झाल्यावरच पैसे द्या’ म्हणणाऱ्यांपासून सावध: सायबर सिक्युरिटी सर्टिफिकेटच्या परीक्षेतल्या चुका टाळा

बेळगावच्या टिळकवाडीतला आमच्या शेजारचा पोरगा व्हीटीयूच्या (कर्नाटकातलं इंजिनिअरिंगचं विद्यापीठ) शेवटच्या सेमिस्टरला आहे. एका संध्याकाळी तो मोबाईल पुढं धरून आला. “काका, हे बघा की. पास झाल्यावरच पैसे द्या म्हणायलेत.” व्हॉट्सॲपवर मेसेज होता: सिक्युरिटी प्लस, सीसा, सीआयएसएसपी, घरबसल्या, शंभर टक्के पास. ही तिन्ही सायबर सिक्युरिटीची सर्टिफिकेटं.

मी विचारलं, “पैसे नंतर, खरं आधी काय मागितलंय?” यादी निघाली: पासपोर्टचा स्कॅन, परीक्षेच्या अकाउंटचा पासवर्ड आणि लॅपटॉपवर एनीडेस्क, म्हणजे लांबून दुसऱ्याला आपला लॅपटॉप चालवू देणारं ॲप. परीक्षा पोराच्या नावानं, उत्तरं त्यांची.

पहिली चूक: ‘पैसे नंतर’ म्हणजे विश्वास, असं समजणं

या लोकांना ॲडव्हान्स लागतच नाही. तुमचं ओळखपत्र, तुमचं लॉगिन आणि तुम्ही कॉपी केल्याचं चॅट त्यांच्या हातात असतं. निकाल लागला की ठरलेली रक्कम घेतात, आणि महिन्याभरानं पुन्हा मेसेज येतो: आणखी एवढे पाठव, नाहीतर तुझे स्क्रीनशॉट परीक्षा घेणाऱ्यांना पाठवतो. तक्रार करायला तुम्ही बिचकता आणि त्यांचा धंदा या बिचकण्यावरच चालतो. दुसऱ्याच्या नावानं संगणकावरून परीक्षेला बसणं आयटी कायद्याच्या कलम ६६ ड मध्ये येऊ शकतं. तिथं तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. पोरांना वाटतं, फार तर फी बुडेल. शिवाय ज्या मशीनवर तुमचं बँकेचं लॉगिन आहे, त्यावर अनोळखी माणसाला रिमोट द्यायचा, आणि तेही सिक्युरिटीच्या नोकरीसाठी! याला काय म्हणावं?

डंप पाठ करणं

त्याच पोराकडं एक डंप होता, म्हणजे परीक्षेतून चोरलेल्या प्रश्नोत्तरांची फाईल. चाळता चाळता एका प्रश्नावर थांबलो: सुरक्षित एलडॅपचा (कंपनीतल्या युजरांची यादी नेटवर्कवरून वाचायची पद्धत) पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरच्या दाराचा नंबर, कुठला? डंपचं उत्तर ३८९. तो साध्या एलडॅपचा. सुरक्षित एलडॅपचा ६३६. पोरानं ३८९ पाठ केलं होतं, अगदी झोपेत विचारलं तरी सांगेल असं.

सिक्युरिटी प्लसमध्ये ९० मिनिटांत जास्तीत जास्त ९० प्रश्न असतात आणि १०० ते ९०० च्या मोजपट्टीवर ७५० लागतात. त्यातल्या काही प्रश्नांत नेटवर्कची राखण करणाऱ्या फायरवॉलचे नियम लावून दाखवायचे किंवा लॉग (मशीनवरच्या नोंदी) वाचून बाधित मशीन ओळखायचं असतं. तिथं पाठांतर कामाला येत नाही. डंप वापरणं ही परीक्षा घेणाऱ्या कॉम्पटियाच्या उमेदवार करारात सरळ मना आहे आणि दिलेलं सर्टिफिकेटही नंतर काढून घेतात.

सीआयएसएसपीच्या नावानं तर निव्वळ थाप असते. तीन तासांत १०० ते १५० प्रश्न, आणि तुमच्या उत्तरांवरून पुढचा प्रश्न ठरतो. पास झालात तरी पाच वर्षांचा अनुभव आणि आधीच्या सर्टिफिकेटधारकाची शिफारस लागते. अनुभव नसेल तर फक्त ‘असोसिएट’ म्हणवता येतं. शेवटच्या वर्षाच्या पोराला ‘डायरेक्ट सीआयएसएसपी’ विकणारा कागद विकतोय.

नावाचा घोळ, आपल्या भागातला

हा मुद्दा क्लासवाले सांगत नाहीत, म्हणून सविस्तर सांगतो. खानापूर, निपाणी, चिक्कोडीकडच्या कितीतरी पोरांच्या एसएसएलसी (दहावी) मार्क्स कार्डावर आडनाव आधी आणि मग दोन इनिशियल्स असतात. आधारवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव. पासपोर्टवर स्पेलिंग तिसरंच, कारण मधे कुणीतरी कन्नडवरून इंग्रजी केलेलं असतं. बुकिंग करताना घाईत मार्क्स कार्डावरचं नाव टाकलं जातं आणि परीक्षेच्या दिवशी ओळखपत्राशी ते जुळत नाही. प्रवेश नाही, फी गेली. मग ‘आयडी ॲडजस्ट करून देतो’ म्हणणारा भेटतो, म्हणजे बनावट कागद.

उपाय बुकिंगच्या आधी करायचा. जे ओळखपत्र दाखवणार, त्यावरचं नाव आणि आडनाव अक्षर न अक्षर अकाउंटमध्ये हवं. चुकलं असेल तर अधिकृत सपोर्टला लिहा. ते दुरुस्त करायला एजंट लागत नाही. पत्त्यात बेळगाव आहे की २०१४ नंतरचं बेळगावी, यानं नाव जुळण्यात काही बिघडत नाही.

घरून परीक्षा देणार असाल तर खोलीत दुसरं कुणी चालत नाही, आजी चहा घेऊन आली तरी नाही. करंट गेला की राउटरही बंद, हेही धरा. माझं मत विचाराल तर हुबळी-पुण्याला जावं लागलं तरी सेंटर बरं.

आधीच अडकला असाल तर

इंटरनेट तोडून रिमोटचं ॲप काढा. दुसऱ्या मोबाईलवरून ईमेल, बँक आणि परीक्षेच्या अकाउंटचे पासवर्ड बदला. पैसे गेले असतील तर आधी बँकेला आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन, मग राष्ट्रीय सायबर क्राईम पोर्टलवर तक्रार. चॅट पुसू नका, तोच पुरावा. धमकी आली तरी दुसरा हप्ता देऊ नका. लॅपटॉप शेवटी फॉरमॅटच करा. परीक्षा अजून झाली नसेल तर ती तारीख त्यांच्या हाती ठेवू नका: सिक्युरिटी प्लसची तारीख २४ तास आधीपर्यंत बदलता येते.

शेजारचा पोरगा सिक्युरिटी प्लसला स्वतः बसला आणि थोडक्यात हुकला. दुसऱ्या प्रयत्नाला थांबावं लागत नाही, तिसऱ्याला १४ दिवस. फी मात्र दरवेळी पूर्ण भरायची, तेवढं बजेट आधीच धरून ठेवा.