सायलेन्स लावला तरी पेजर वाजतोय? ॲमटूल वापरताना या चुका टाळा

‘सायलेन्स लावलाय, तरी वाजतंय. अलर्टमॅनेजर गंडलाय बहुतेक.’

ऑन-कॉलच्या, म्हणजे बिघाड सांभाळायच्या पाळीवर असणाऱ्यांच्या, ग्रुपवर हे वाक्य कुणी ना कुणी टाकतंच. अलर्टमॅनेजर ठणठणीत असतो. गंडलेली असते ती टर्मिनलवर घाईत टाइप केलेली ओळ. प्रोमिथियस सर्व्हरवर नजर ठेवतो आणि बिघाड दिसला की इशारा, म्हणजे अलर्ट, काढतो. तो माणसांपर्यंत पोचवणाऱ्या त्याच्या अलर्टमॅनेजरबरोबर ॲमटूल नावाची छोटी कमांड येते. अलर्ट बघणं, सायलेन्स लावणं (म्हणजे ठरावीक अलर्ट ठरावीक वेळ गप्प करणं), तो उठवणं, कॉन्फिग तपासणं ही सगळी कामं ब्राउझर न उघडता तिच्यातून होतात. पण ती अगदी मुकी आहे. तुम्ही जे लिहिलंत ते ती करते आणि सायलेन्सचा एक लांबलचक आयडी छापून गप्प बसते. त्या सायलेन्सने एकही अलर्ट पकडला नसला तरी आयडी मिळतोच. आयडी दिसला की माणसं लॅपटॉप मिटतात, आणि गोंधळाची सुरुवात तिथेच होते.

कशालाच न लागणारा सायलेन्स

सगळ्यात जास्त रात्री या चुकीने खाल्ल्या आहेत, म्हणून हिच्यावर जरा सविस्तर.

डीबी०१ या मशीनवर काम आहे. कुणीतरी लिहितं: ॲमटूल सायलेन्स ॲड इन्स्टन्स=डीबी०१, वर एक कॉमेंट. आयडी मिळतो, अलर्ट मात्र वाजतच राहतात. कारण प्रोमिथियसमधलं इन्स्टन्स लेबल (अलर्टला चिकटलेल्या नाव=किंमत अशा चिठ्ठ्यांपैकी एक) सहसा नुसतं मशीनचं नाव नसतं, त्याला पोर्ट चिकटलेला असतो. मशीनची आकडेवारी देणाऱ्या नोड एक्स्पोर्टरचा अलर्ट येतो डीबी०१:९१०० या नावाने, पोस्टग्रेस एक्स्पोर्टरचा येतो डीबी०१:९१८७ या नावाने. ‘=’ म्हणजे अक्षरन् अक्षर तेच, त्यामुळे यातलं काहीच जुळत नाही.

मग कुणी सांगतं, रेजेक्स (मजकुराचा नमुना) वापर. लगेच ‘=’ च्या जागी ‘=~’ येतं, बाकी ओळ तशीच. तरीही वाजतं. इथला रेजेक्स दोन्ही टोकांना खिळलेला असतो. ग्रेप या शोधायच्या कमांडला सवयीने अर्धा शब्द दिला तरी तो ओळ शोधून देतो, इथे तसं चालत नाही. इन्स्टन्स=~डीबी०१ याचा अर्थ ‘डीबी०१ आणि पुढेमागे काही नाही’ असाच होतो. पाहिजे असतं ते डीबी०१:.* असं (.* म्हणजे पुढे काहीही).

त्यात कोलन विसरू नका. कोलन गाळून नुसतं डीबी१.* लिहिलंत तर डीबी१ बरोबर डीबी१० पासून डीबी१९ पर्यंतची सगळी मशीन गप्प होतात. आयपी पत्त्यांचंही तसंच. १०.०.०.१.* मध्ये १०.०.०.१२ येतो, १०.०.०.१०० सुद्धा येतो. शेवटच्या आकड्यानंतर कोलन टाकलात की हा प्रश्नच राहत नाही.

आणखी एक गैरसमज. दोन मॅचर (इन्स्टन्स=डीबी०१ सारख्या अटी) दिले की ते ‘हा किंवा तो’ असे जोडले जात नाहीत, ‘हा आणि तो’ असे जोडले जातात. अलर्टनेम=क आणि अलर्टनेम=ख असं एकाच ओळीत लिहिलं तर एकाच अलर्टची दोन नावं असायला हवीत. ते कधीच होत नाही, त्यामुळे तो सायलेन्स कायम रिकामाच. दोन नावं हवी असतील तर रेजेक्समध्ये मधे उभी रेघ टाका आणि सगळं अवतरणात ठेवा.

अवतरणात ठेवा हे इतकं ठासून सांगण्याचं कारण म्हणजे शेल, टर्मिनलवरची ओळ वाचून चालवणारा प्रोग्रॅम. उभी रेघ उघडी राहिली तर शेल तिला पाइप समजतं आणि रेघेनंतरचं अलर्टचं नाव कमांड म्हणून चालवायला जातं. ‘कमांड नॉट फाउंड’ दिसतं, माणूस ते टायपो समजतो, आणि कॉमेंट रेघेच्या आधीच दिलेली असेल तर अर्ध्या मॅचरवर सायलेन्स मात्र लागून बसतो. यापेक्षा छुपी भानगड टिल्डची (~) आहे. बॅश या शेलमध्ये ‘नाव=~काहीतरी’ या आकाराचा उघडा शब्द दिसला, की ते त्याला व्हेरिएबलला किंमत दिल्यासारखं वागवतं आणि टिल्डपुढचा शब्द एखाद्या युजरचं नाव असेल तर तिथे त्याची होम डिरेक्टरी भरतं. पोस्टग्रेस बसवलेल्या डेबियनवर जॉब=~पोस्टग्रेस असं अवतरणाशिवाय लिहा. ॲमटूलपर्यंत पोचतं ते जॉब=/व्हार/लिब/पोस्टग्रेएसक्यूएल, कारण पोस्टग्रेस नावाचा युजर त्या मशीनवर असतोच. रेजेक्स गेला, साधं ‘=’ उरलं, आणि तुमचा सायलेन्स अशा जॉबवर लागला जो जगात कुठेच नाही. एरर नाही, इशारा नाही. दुसऱ्या मशीनवर, जिथे तो युजर नाही, तीच ओळ बिनबोभाट चालते, आणि मग ‘माझ्याकडे तर चालतंय’ ची चर्चा रंगते. आधी एको लावून ओळ छापून बघा, दोन सेकंदांत कळेल. नाहीतर प्रत्येक मॅचर एकेरी अवतरणात टाकण्याची सवय लावा. दुहेरी अवतरणात ‘!~’ मधलं उद्गारचिन्ह बॅशच्या हिस्टरीला चाळवतं, म्हणून एकेरीच.

या सगळ्यावर एकच सवय पुरते. सायलेन्स लावण्याआधी तेच मॅचर अलर्ट क्वेरीला द्या: ॲमटूल अलर्ट क्वेरी 'इन्स्टन्स=~डीबी०१:.*'. जे अलर्ट दिसतील तेच गप्प होणार. यादी पटली की वरचा बाण दाबा, ‘अलर्ट क्वेरी’ खोडून ‘सायलेन्स ॲड’ लिहा, --कॉमेंट जोडा, बाकीच्या अक्षराला हात लावू नका. नंतर ॲमटूल अलर्ट क्वेरी --सायलेन्स्ड चालवा. काहीच फ्लॅग न देता क्वेरी फक्त चालू अलर्ट दाखवते, दबलेले दाखवत नाही. ते बघायला हा फ्लॅग लागतोच.

काम रात्रीचं आहे, आत्ता काहीच वाजत नाहीये, मग तपासायचं कसं? प्रोमिथियसची प्रॉमटूल ही कमांड घ्या आणि प्रॉमटूल क्वेरी इन्स्टंटला अप ही मेट्रिक (प्रोमिथियसला ते ठिकाण सापडतंय का ते सांगणारा आकडा) त्याच रेजेक्सने विचारा. प्रोमिथियसचा रेजेक्सही दोन्ही टोकांना खिळलेला असल्याने तिथे जुळलं ते इथेही जुळतं. मात्र बाहेरून यूआरएल तपासणाऱ्या ब्लॅकबॉक्स एक्स्पोर्टरच्या अलर्टमध्ये इन्स्टन्स म्हणून सहसा ती यूआरएल असते, मशीनचं नाव नसतं. त्यांच्यासाठी वेगळा सायलेन्स लागतो, आणि नेमका तोच विसरला जातो.

झेड आणि साडेपाच तास

ही दुसरी लाडकी चूक, आणि ती आपल्याकडे जास्त होते. कारण आपलं घड्याळ यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) साडेपाच तास पुढे आहे आणि सर्व्हर बहुधा यूटीसीवर.

रात्री २ ते ४ डेटाबेस अपग्रेड. संध्याकाळीच कुणीतरी शहाणपणाने सायलेन्स लावून ठेवतो. --स्टार्टला तारीख, टी, ०२:००:०० आणि शेवटी झेड. --एंडला ०४:००:०० आणि झेड. झेड कशाला? डॉक्युमेंटेशनमधून उचललेल्या नमुन्यात होता म्हणून. झेड म्हणजे यूटीसी. हा सायलेन्स सुरू होणार सकाळी साडेसातला आणि संपणार साडेनऊला.

२ वाजून काही मिनिटांनी पेजर कोकलतो. अपग्रेड करणारा आधीच घामाघूम, त्यात हे. वेळ तपासायचं त्याला सुचत नाही, त्याला वाटतं मॅचर चुकला. म्हणून तो दुसरा सायलेन्स लावतो, इन्स्टन्स=~'.+', ड्युरेशन एक दिवस, कॉमेंटमध्ये ‘टेम्प’. शांतता. अपग्रेड संपतं, माणूस झोपतो. पण अपग्रेडमध्ये जुन्या रेप्लिकाचा (डेटाबेसच्या प्रतीचा) रेप्लिकेशन स्लॉट तसाच राहून गेलेला असतो. त्या स्लॉटवर कुणी वाचत नाही म्हणून पोस्टग्रेस वॉल फाइली (बदलांच्या नोंदी) काढत नाही, डिस्क सावकाश भरत जाते. डिस्कचा अलर्ट वेळेवर पेटतो, अलर्टमॅनेजरकडे पोचतो आणि दुसऱ्या सायलेन्सखाली दबतो. कळतं तेव्हा डेटाबेसने लिहिणं थांबवलेलं असतं आणि फोन ग्राहकाचा आलेला असतो.

यात एकही गोष्ट अवघड नव्हती. झेडच्या जागी +०५:३० लिहिलं असतं तर पहिलाच सायलेन्स बरोबर बसला असता. हाताने तारीख लिहायचीच नसेल तर टीझेड=एशिया/कोलकाता देऊन डेट -आयसेकंड्स -डी 'टुमॉरो ०२:००' चालवा, ऑफसेटसकट तयार मजकूर मिळतो. तो उचलून --स्टार्टला द्या आणि --एंडच्या भानगडीत न पडता --ड्युरेशन=२एच लिहा. ड्युरेशन सुरुवातीपासून मोजली जाते. मध्यरात्र उलटून गेल्यावर ‘टुमॉरो’ लिहिलंत तर मात्र सायलेन्स एक दिवस पुढे जाईल.

लावल्यावर ॲमटूल सायलेन्स क्वेरी करून ‘एंड्स ॲट’ चा रकाना वाचा. तो यूटीसीत असतो. पहाटे ४ ला संपणारा सायलेन्स तिथे आदल्या तारखेचे २२:३० दाखवतो. ही वजाबाकी कागदावर करायला लाज वाटू देऊ नका. रात्री दोनला साडेपाचने वजाबाकी कुणालाच नीट जमत नाही.

ड्युरेशन दिलीच नाही तर सायलेन्स एक तासाचा असतो. तीन तासांच्या कामाला तो पुरणार नाही, आणि हे सगळ्यांना एकदाच कळतं.

तीस सेकंद धीर धरवत नाही

नवशिक्यांची खास चूक. नवं राउट (कोणता अलर्ट कुणाकडे जायचा तो नियम) लिहिलं, ॲमटूल अलर्ट ॲडने खोटा अलर्ट टाकला, मेसेज आला नाही. पाच सेकंदांत कॉन्फिग बदललं, रीलोड, पुन्हा टाकला. पुन्हा बदललं. अर्ध्या तासाने मूळ काय होतं तेच आठवत नाही, आणि मूळच बरोबर होतं.

अलर्टमॅनेजर मुद्दाम थांबतो. ग्रुप वेट डीफॉल्टने ३० सेकंद: नव्या गटातला पहिला निरोप तेवढं थांबून जातो. त्याच गटात नवीन अलर्ट आला तर ग्रुप इंटरव्हल ५ मिनिटं. तोच अलर्ट तसाच पेटलेला राहिला तर रिपीट इंटरव्हल ४ तास. म्हणजे तुम्ही तोच खोटा अलर्ट पुन्हा पुन्हा टाकलात तर दुसऱ्यांदा काहीच येणार नाही, आणि ते बरोबरच आहे. दर चाचणीला अलर्टचं नाव बदला, मग घड्याळ बघत बसा. शेवटची वेळ न देता टाकलेला खोटा अलर्ट ५ मिनिटांनी आपोआप मिटतो, तेव्हा त्याच्या मागे धावू नका.

याच अधीरतेतून काही जण रिपीट इंटरव्हल ५ मिनिटांवर आणतात, ‘काही सुटू नये म्हणून’. दोन दिवसांत सगळे तो चॅनल म्यूट करतात.

राउट तपासायला खोटे अलर्ट उडवण्यापेक्षा ॲमटूल कॉन्फिग राउट्स टेस्ट वापरा. लेबलं द्या, तो रिसीव्हरचं, म्हणजे निरोप जिथे जाणार त्याचं, नाव छापतो. --व्हेरिफाय.रिसीव्हर्स जोडलंत तर न जुळल्यास कमांड फेल होते, म्हणजे सीआयमध्येही (आपोआप चालणाऱ्या तपासण्यांत) टाकता येते. खरा अलर्ट जी लेबलं घेऊन येतो ती सगळी द्या. प्रोमिथियस एक्स्टर्नल लेबल्स वरून चिकटवतो, ती विसरलात तर टेस्ट पास होईल आणि खरा अलर्ट भलत्याच दारात जाईल. आणि शेजारच्या राउट्समध्ये पहिलं जुळलेलं राउट अलर्ट घेऊन टाकतं. पुढच्यालाही द्यायचा असेल तर पहिल्यावर कंटिन्यू: ट्रू लागतं.

बाकीच्या, झटपट

लॅपटॉपवरच्या ॲमटूलच्या कॉन्फिग फाइलीत यूआरएल स्टेजिंगची (चाचणीच्या सेटअपची) असते आणि माणूस प्रॉडक्शनचा अलर्ट दाबायला बसतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. यूआरएल दर वेळी --अलर्टमॅनेजर.यूआरएलने द्या, फाइलीत फक्त ऑथर ठेवा.

ऑथर तरी ठेवाच. नाहीतर सुडो करून लावलेल्या सायलेन्सवर ‘रूट’ असं नाव येतं. रूटला फोन करून विचारता येत नाही. कॉमेंटमध्ये ‘टेस्ट’ लिहिणाऱ्यांविषयी न बोललेलं बरं. तिकीट नंबर लिहा.

सगळं गप्प करायला अलर्टनेम=~'.+' लावलंत की वॉचडॉगही गप्प होतो. तो अलर्ट कायम पेटलेलाच असतो. बाहेरची सेवा त्याची वाट बघत असते आणि तो थांबला की तीच बोंब मारते. त्याला अलर्टनेम!=वॉचडॉग लिहून वगळा.

सायलेन्स एक्स्पायरला कंसात सायलेन्स क्वेरी -क्यू देऊन सगळं एका झटक्यात उठवायची युक्ती सगळ्यांना आवडते. -क्यूपुढे मॅचर नसेल तर शेजारच्या टीमचे चालू सायलेन्सही उठतात, आणि उद्या रात्रीसाठी लावून ठेवलेलेही.

कॉन्फिग बदलून रीलोड केलं आणि फाइलीत चूक निघाली, तर अलर्टमॅनेजर बंद पडत नाही. तो जुन्याच कॉन्फिगवर चालत राहतो. आधी ॲमटूल चेक-कॉन्फिग, मग रीलोड, मग मेट्रिक्समध्ये ‘कॉन्फिग लास्ट रीलोड सक्सेसफुल’ समोर १ आहे का ते बघा. चेक-कॉन्फिग व्याकरण तपासतं. पासवर्ड चुकलाय का हे त्याला कळत नाही.

एका अलर्टने दुसरा दाबायच्या, म्हणजे इनहिबिशनच्या, नियमात ‘इक्वल’ मध्ये लिहिलेलं लेबल दोन्ही अलर्टवर नसेल, तर ते जुळलं असंच धरलं जातं. क्लस्टर लेबल लावायला विसरलात तर एक क्रिटिकल अलर्ट साऱ्या जगाचे वॉर्निंग गिळतो.

अलर्टमॅनेजर कंटेनरमध्ये असेल तर डेटाच्या फोल्डरला व्हॉल्यूम जोडलाय का? नसेल तर नवा कंटेनर उभा राहताच सगळे सायलेन्स गायब.

राहिला तो वर्षभराचा सायलेन्स. रोज पेटणारा, कुणीच न बघणारा अलर्ट असतो आणि कुणीतरी त्याला ड्युरेशन १वाय देऊन मोकळा होतो. रोज मरे त्याला कोण रडे. अशा अलर्टचा नियम तरी बदला, ‘फॉर’ (किती वेळ टिकल्यावर पेटायचं) ५ मिनिटांचा १५ करा, नाहीतर नियमच काढून टाका. शिफ्ट घेताना पहिली कमांड ॲमटूल सायलेन्स क्वेरी आणि दुसरी तीच, --विदिन=८एच जोडून. पहिलीत कोण काय दाबून गेलंय ते दिसतं, दुसरीत तुमच्या शिफ्टमध्ये कोणते सायलेन्स संपणार आहेत ते. संपताना खालचा अलर्ट अजून पेटलेला असेल तर तो तुम्हालाच वाजणार आहे.