गोव्यात छोटे चार्टर विमान चालवताय? तासाचा दर काढताना या चुका टाळा

विमान वर्षाला किती तास उडेल हे सगळे मोजतात. त्यातल्या किती तासांचे पैसे मिळतील, हे कोणी मोजत नाही.

समजा, पगार, विमा, हप्ते आणि पार्किंग धरून वर्षाचा ठरलेला खर्च ४ कोटी. ४०० तासांनी भागले की तासाला १ लाख. पण मुंबईचे गिऱ्हाईक गोव्यातल्या मोपा विमानतळावर उतरवून विमान रिकामेच परतते. असे १६० तास गेले, तर भागाकार २४० ने करायचा: तासाला सुमारे १ लाख ६७ हजार. रिकाम्या फेरीलाही इंधन जळते, ते वेगळेच. म्हणून कोटेशन जाण्यायेण्याचे द्या. परतीची फेरी स्वस्तात विकली गेली तर उत्तम, पण ती बजेटात धरू नका.

डिसेंबरअखेरीस हा हिशेब आणखी बिघडतो. पार्किंगला जागा मिळाली नाही, तर पाहुणे उतरवून विमान बेळगाव किंवा हुबळीला न्यायचे आणि पुन्हा आणायचे. दोन रिकाम्या फेऱ्या वाढल्या! जागा पक्की झाल्याशिवाय दर कळवू नका. गोव्याचा दुसरा विमानतळ दाबोळी तर नौदलाच्या आयएनएस हंसा तळावर आहे; कामाच्या दिवशी सकाळी तिथे नागरी उड्डाणांवर बंधने असतात.

दुसरी मोठी चूक इंजिनाची: त्याच्या मोठ्या दुरुस्तीसाठी पैसे बाजूला न काढणे. किंग एअर बी२०० या छोट्या विमानातल्या पीटी६ए-४२ इंजिनाची ओव्हरहॉलची (पूर्ण उघडून दुरुस्ती करण्याची) मुदत सर्वसाधारणपणे ३,६०० तास. मध्ये १,८०० तासांना हॉट सेक्शनची, म्हणजे इंजिनाच्या सर्वांत तापणाऱ्या भागाची तपासणी. दर तासाची ठरावीक रक्कम वेगळ्या खात्यात टाका; नाहीतर सीझनची कमाई पावसाळ्यातल्या पगारांत गेली, की ओव्हरहॉलला कर्जच. समुद्राच्या खाऱ्या हवेने काँप्रेसरच्या (इंजिनात हवा दाबणाऱ्या भागाच्या) पात्यांवर मीठ बसते, गंज धरतो, इंजिनाची ताकद घटते. निर्मात्याच्या वेळापत्रकाप्रमाणे काँप्रेसर वॉश, म्हणजे ही पाती धुणे, करायलाच हवा.

विमान इंधन जीएसटीबाहेर आहे. त्यावरच्या व्हॅटचे इनपुट क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) मिळत नाही, तो पूर्ण खर्चात धरा.

आणि ओळखीच्या उद्योगपतीचे खासगी विमान ‘भाड्याने’ फिरवू नका. विमान वाहतूक नियामक डीजीसीएचा नॉन-शेड्यूल्ड (वेळापत्रकाविना भाड्याने उड्डाणांचा) परवाना नसेल तर ते बेकायदा आहे, आणि अपघात झाल्यास विमा कंपनी दावा नाकारू शकते.