नेपल्सचं जुनं शहर पायी कसं पाहावं

नेपल्सच्या जुन्या शहरात शिरण्याआधी त्याची आखणी समजून घ्या, निम्मं काम तिथेच होतं. हे शहर ग्रीकांनी आखलं आणि ते रस्ते आजही वापरात आहेत. पूर्व-पश्चिम जाणारे तीन लांब रस्ते: वरचा आंतिकाल्या, मधला त्रिबुनाली, खालचा स्पाक्कानापोली. त्यांना काटकोनात छेदणाऱ्या उत्तर-दक्षिण गल्ल्या. घरं इतकी उंच आणि गल्ल्या इतक्या अरुंद, की फोनवरचा ठिपका भलतीकडेच दिसतो. तेव्हा फोन खिशात टाका आणि पायाखाली बघा. उतार लागला तर समुद्राकडे, म्हणजे दक्षिणेला चाललात. चढ लागला तर उत्तरेला.

मंगळवारी जाऊ नका. सानसेव्हेरो चॅपल आणि पुरातत्त्व संग्रहालय दोन्ही त्या दिवशी बंद असतात. बरीचशी चर्च दुपारी एकच्या सुमारास बंद होतात ती चारनंतरच उघडतात, म्हणून सकाळी नऊला चालायला लागा. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला. रस्त्यावरची काळी लाव्हाची फरशी पावसात फार निसरडी होते, तेव्हा बुटांचा तळ खरबरीत हवा.

मेट्रोच्या लाइन १ ने दान्ते स्थानकावर उतरा. पोर्ताल्बाच्या कमानीतून बेल्लिनी चौकात या. तिथे रस्त्याच्या पातळीखाली, उघड्या खड्ड्यात ग्रीक तटबंदीचे पिवळसर चिरे दिसतात. हा टफ, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेचा मऊ दगड. तो जमिनीखालून खणायचा आणि वर घरं बांधायची, असं इथे शतकानुशतकं चाललं. म्हणून शहराखाली दुसरं पोकळ शहर आहे.

बेल्लिनीहून उतरत जेझू नुओव्होपाशी या. चर्चच्या दर्शनी भिंतीवर हिऱ्यासारखे टोकदार दगड आहेत. समोरच्या सांता क्याराचं चर्च ऑगस्ट १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात जळालं आणि पुन्हा उभारलं गेलं. मागच्या अंगणातले रंगीत फरश्यांनी मढवलेले खांब पाहायला वेगळं तिकीट लागतं; ते जरूर काढा.

पुढे सानसेव्हेरो. तिकीट काही दिवस आधी ऑनलाइन काढा, ऐनवेळी मिळेल या भरवशावर राहू नका. फोटो काढू देत नाहीत. इथे शिल्पकार सानमार्तीनोने १७५३ मध्ये संगमरवरात घडवलेली ख्रिस्ताची मूर्ती आहे; तिच्यावरचं वस्त्रही त्याच संगमरवराचं आहे. कपाळाजवळ नीट बघा, कापडाखाली फुगलेली शीर दिसते.

सान ग्रेगोरिओ आर्मेनो ही नाताळच्या देखाव्यांच्या कारागिरांची गल्ली. डिसेंबरात तिथे मुंगीलाही वाट मिळत नाही. इतर महिन्यांत कारागीर निवांत दिसतात. ती चढून गेलं की सान गाएतानो चौक, ग्रीकांचा बाजारचौक. सान पाओलो चर्चच्या दारापाशी उभे असलेले दोन खांब जुन्या देवळाचे. बाकीचे १६८८ च्या भूकंपात पडले. भूमिगत शहराची फेरी इथूनच निघते. सुमारे ४० मीटर खाली, ग्रीक-रोमन पाण्याच्या टाक्यांपर्यंत उतरावं लागतं. एक बोळ इतका अरुंद, की आडवं होऊन सरकावं लागतं. कोंडल्यासारखं वाटणाऱ्यांनी तो टाळावा.

खाण्याचं: पिझ्झा मारिनारावर चीज नसतं, नुसता टोमॅटो, लसूण, ओरेगानो. मिरीचे ताराल्ली, म्हणजे भाजलेली खारी कडी, खुसखुशीत लागतात, पण त्यात बहुधा डुकराची चरबी असते; स्फोल्यातेल्ला या पदरांच्या गोड पेस्ट्रीतही असू शकते. शाकाहारींनी 'सुन्या आहे का?' असं विचारून घ्यावं. सुन्या म्हणजे ती चरबी. कॉफीचे पैसे बऱ्याच ठिकाणी आधी गल्ल्यावर देऊन पावती काउंटरवर दाखवायची असते.

दुपारी चर्च मिटली की त्रिबुनालीने पश्चिमेला जाऊन पुरातत्त्व संग्रहालय गाठा. १९३८ मध्ये पाँपेईत सापडलेली सुमारे २५ सेंटीमीटरची हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ती इथे 'गुप्त दालना'त आहे. हे दालन कधीकधी बंद असतं, म्हणून तिकीट काढतानाच विचारा. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननात हिच्याशी जुळणारी हस्तिदंती मूर्ती मिळाली आहे, त्यामुळे काही अभ्यासक हिला तिकडचीच मानतात. मूर्तीला वळसा घालून मागची बाजूही पाहा. पाठीवर रुळणारी वेणी आणि दागिने तिथेच दिसतात.